'स्वरभक्ती' : एका संज्ञेचा अर्थसंकर

इंग्रजी ध्वनिविज्ञानाच्या परिभाषेत 'स्वरभक्ती' ही संज्ञा विरळाच आढळते. आढळते ती मात्र संस्कृत रूपातच. मराठी वाचकाला तिच्यातील 'भक्ती' ओळखीची वाटते, आणि ती ओळखच फसवी ठरते. 'भज्' धातूचा मूळ अर्थ वाटणे, विभागणे असा आहे. त्यावरून भक्ती म्हणजे विभाग, आणि स्वरभक्ती म्हणजे स्वराचा अंश.

प्रातिशाख्यांना हा अंश काटेकोर अर्थाने अभिप्रेत आहे. रेफापुढे ऊष्म वर्ण आला असता वेदपठणात त्या दोहोंमध्ये एक निसटता स्वर ऐकू येतो. अथर्व-प्रातिशाख्य त्याचे मान ऱ्हस्व अकाराच्या निम्मे सांगते; इतर व्यंजनांपूर्वी ते पाव किंवा त्याहूनही कमी. ऋक्प्रातिशाख्य त्याला पूर्वाक्षराचे अंग मानते. म्हणजे हा स्वर ऐकू येतो, परंतु मोजला जात नाही. 'वर्ष' हा शब्द द्व्यक्षरीच राहतो.

एकोणिसाव्या शतकात हे ग्रंथ पाश्चात्त्य विद्वानांनी संपादित केले. व्हिटनीचे अथर्व-प्रातिशाख्य १८६२ सालचे. पुढे योहानेस श्मिट यांनी इंडो-युरोपीय स्वरांच्या इतिहासाची चर्चा करताना ही संज्ञा इतर भाषांनाही लावली. हळूहळू ती 'उलगडणे' या अर्थाच्या ग्रीक 'ॲनॅप्टिक्सिस'ची पर्यायवाची झाली. आयरिश वळणाच्या इंग्रजीतील 'फिल्म'चे 'फिलम' तिच्या कक्षेत आले. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेपुरता मात्र मूळ अर्थाचा धागा टिकून आहे. त्या देशाच्या 'अल्बा' या नावात लकारानंतर आगंतुक स्वर स्पष्ट ऐकू येतो. तरीही भाषकांना आधीचा स्वर आणि तो मिळून एकच अक्षर जाणवते, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे.

मराठी भाषाविचारात 'धर्म–धरम', 'रत्न–रतन' ही रूपे स्वरभक्तीची म्हणून दिली जातात, ती या विस्तारलेल्या अर्थाने. वस्तुतः येथे स्वराचा अंश नसून पूर्ण स्वर आहे. या प्रक्रियेला वररुचीच्या 'प्राकृतप्रकाशा'त 'विप्रकर्ष' हे स्वतंत्र नाव आहे. 'वर्ष'पासून प्राकृत 'वरिस' होताना पठणातील अंशच पूर्ण स्वर झाला, असे म्हणता येईल. परंतु 'रत्न'मध्ये रेफोत्तर संयोगच नसल्याने तेथे हे समर्थनही लागू पडत नाही.

हा भेद केवळ वैयाकरणांचा नव्हे. 'धर्म' आणि 'धरम' या दोहोंच्या मात्रा तीनच. त्यामुळे मात्रावृत्तात मोजणी बिघडत नाही. परंतु सहा-सहा अक्षरांचे तीन आणि चार अक्षरांचा चौथा चरण असलेल्या अभंगात एक अक्षर वाढते. तेथे 'धरम' हे रूप कवीने बोलीच्या ओढीने स्वीकारले की अक्षरसंख्येच्या गरजेने, हा प्रश्न समीक्षेचा आहे. दोन्ही व्यापारांना एकच नाव दिले की तो विचारलाच जात नाही. परंपरेने दोन गोष्टींना दोन नावे दिली होती. ती वेगळी राखण्यातच छंदोविचाराचे हित आहे.