औषधाचा नेम की रुईची म्हातारी?

पॉलिमरच्या अतिसूक्ष्म कणांत भरलेले औषध क्षेपणास्त्रासारखे नेम धरून रोगट अवयवावर जाते, असे आपण लेखांत वाचतो आणि वर्गात सांगतो. व्याख्यानांतून मीही तसेच सांगत आलो आहे. ही उपमा आता तपासायला हवी.

क्षेपणास्त्राला इंजिन असते, दिशा बदलता येते. सुमारे १०० नॅनोमीटर व्यासाचा कण मात्र रक्ताबरोबर नुसता वाहत जातो. लॅक्टिक व ग्लायकॉलिक आम्लांपासून बनवलेल्या पॉलिमरचा उघडा कण रक्तात शिरला, की त्याच्या पृष्ठभागावर प्रथिने चिकटतात. ही खूण ओळखून यकृत व प्लीहेतील भक्षक पेशी त्याला काही मिनिटांतच गिळतात. म्हणजे औषध यकृतात पोचते ते नेमामुळे नव्हे, तर शरीराच्या साफसफाईमुळे!

१९९४ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट लँगर यांच्या गटाने अशा कणांभोवती पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या बसवल्या. या साखळ्या पाणी धरून ठेवतात व प्रथिनांना सहजी चिकटू देत नाहीत. उंदरांच्या रक्तात हे कण कितीतरी जास्त वेळ टिकले, यकृतातील साठा घटला. रसायनशास्त्राचे खरे कर्तृत्व हे. त्याने कणाला डोळे दिले नाहीत. त्याचे पकडले जाणे लांबवले.

मग नेम किती साधला? टोरांटोतील संशोधकांनी २०१६ मध्ये निरनिराळ्या नॅनोकणांवरील मागील दहा वर्षांचे प्राणिप्रयोग एकत्र तपासले. टोचलेल्या मात्रेपैकी कर्करोगाच्या गाठीत पोचलेल्या भागाचा मध्यक होता ०.७ टक्के. रोगट पेशी ओळखणारे रेणू कणांवर जोडले तरी तो ०.९ टक्केच!

म्हणून हे संशोधन व्यर्थ ठरत नाही. याच ग्लायकॉलचे आवरण असलेल्या मेदकोशांत भरलेले डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झाले; साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा ते हृदयाला कमी अपाय करते. रुग्णाच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही. पण तो 'अचूक नेम' नव्हे.

शब्दांबाबत इतका काटेकोरपणा कशाला? ज्याच्या घरी कर्करोगाचा रुग्ण आहे, असा विद्यार्थी आपल्या वर्गात बसलेला असू शकतो. त्याला खोटी आशा देऊ नये, तसेच निराशही करू नये.

त्यापेक्षा मुलांना रुईची म्हातारी दाखवावी. रेशमी झुबक्यामुळे बी अधिक वेळ तरंगते, दूर जाते. कुठे उतरायचे हे मात्र ते ठरवत नाही. आपला कणही सध्या तसाच आहे.