हिपॅटायटिस बीची लस: ब्लुमबर्ग यांना श्रेय नक्की कशाचं?

हिपॅटायटिस बीच्या लशीचा शोध कोणी लावला, असं विचारलं की आपल्या नोट्समधलं उत्तर ठरलेलं: बारुक ब्लुमबर्ग, नोबेल १९७६. सोबत 'शोधायला गेले एक, सापडलं भलतंच' ही गोष्टही असते. मला ती अर्धवट वाटते.

ब्लुमबर्ग कावीळ शोधत नव्हते, हे खरं. माणसामाणसांच्या रक्तातल्या प्रथिनांत आनुवंशिक फरक कोणते, हा त्यांचा प्रश्न होता. हे फरक ओळखणारी प्रतिपिंडं कुठे मिळतील? ज्यांना वारंवार दुसऱ्यांचं रक्त चढवलंय त्यांच्याकडे! म्हणून त्यांनी अशा रुग्णांचं सीरम जगभरातल्या नमुन्यांशी ताडून पाहिलं. त्यात हिमोफिलियाच्या एका रुग्णाच्या सीरमची ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या सीरमशी अभिक्रिया झाली. हाच 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन'. १९६५च्या पेपरच्या शीर्षकात मात्र ल्युकेमिया आहे, हिपॅटायटिसचा पत्ताच नाही. हा गुण जन्मजात असावा, असा त्यांचा अंदाज होता. पुढे डाऊन सिंड्रोम असलेल्या एका रुग्णाची आधी निगेटिव्ह असलेली चाचणी पॉझिटिव्ह आली. आपण कदाचित 'सॅम्पल बदललं असेल' म्हणून पुढे गेलो असतो. त्यांनी चौकशी केली, तर मधल्या काळात त्या रुग्णाला हिपॅटायटिस झाला होता. याला नुसतं नशीब कसं म्हणायचं?

आता लशीकडे येऊ. हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हता. पण वाहकांच्या रक्तात त्याच्या पृष्ठभागाचे, न्यूक्लिइक आम्ल नसलेले रिकामे कण भरपूर असतात. तेच वेगळे काढून लस करायची, ही ब्लुमबर्ग आणि अर्विंग मिलमन यांची कल्पना. १९६९ मध्ये अर्ज, १९७२ मध्ये पेटंट. कल्पना जबरदस्तच आहे, पण तिने माणसं वाचतात हे पेटंटने सिद्ध होत नाही. तो पुरावा इतरांनी दिला, आणि इथेच आपल्या नोट्स गप्प होतात.

सॉल क्रुगमन यांनी बाधित सीरम पातळ करून एक मिनिट उकळलं आणि त्याने काही प्रमाणात संरक्षण मिळतं, हे १९७१ मध्ये दाखवलं. कोणावर? न्यूयॉर्कच्या विलोब्रुक संस्थेतल्या मतिमंद मुलांवर. त्यांना मुद्दाम विषाणू टोचला होता. पालकांची संमती होती म्हणे, पण ती कितपत मोकळी होती यावर आजही वाद आहे. मर्कमध्ये मॉरिस हिलमन यांनी रक्तद्रवातले कण पेप्सिन, युरिया आणि फॉर्मल्डिहाइड वापरून सुरक्षित केले. वुल्फ श्मुनेस यांनी न्यूयॉर्कमध्ये १,०८३ समलिंगी पुरुषांवर चाचणी घेतली. १९८० मध्ये निकाल आला तेव्हा संसर्गात ९२ टक्क्यांपर्यंत घट दिसली. १९८१ मध्ये लशीला परवाना मिळाला.

मुलाखतीत हा प्रश्न आला तर मी ब्लुमबर्ग-मिलमन यांना 'लस कशाची करायची' याचं श्रेय देईन, लशीचं सगळं नाही. १९८६ मध्ये यीस्टमध्ये बनवलेली लस आली आणि रुग्णांच्या रक्ताची गरज संपली. पृष्ठभागाचं प्रथिन मात्र तेच राहिलं.