आईला सांगितलेले युद्ध : विल्फ्रेड ओवेनच्या पत्रांचे पुनर्वाचन

प्रस्तावना

पत्र हा साहित्यप्रकार मानावा की केवळ चरित्राचे साधन, हा समीक्षेतील जुना प्रश्न आहे. रणभूमीवरून घरी लिहिलेल्या पत्रांच्या बाबतीत तो अधिक गुंतागुंतीचा होतो. अशा पत्राचा पहिला वाचक घरचे माणूस नसून सेन्सॉर असू शकतो, आणि शेवटचा वाचक म्हणजे आपण, लेखकाचा अंत आधीच ठाऊक असलेले परके लोक. पहिल्या महायुद्धातील इंग्रज कवी व लष्करी अधिकारी विल्फ्रेड ओवेन (१८९३-१९१८) याची पत्रे या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहेत.

पदवी वर्गात ओवेनची कविता शिकविताना आपण बहुधा त्याची पत्रे पुरावा म्हणून पुढे करतो. कवितेत कल्पना आणि पत्रांत वास्तव, अशी सोयीची विभागणी त्यामागे असते. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे तसेच शिकविले आहे. ही विभागणी टिकत नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. ओवेनच्या पत्रांतील युद्ध हे प्रामुख्याने आईला सांगण्यासाठी घडविलेले युद्ध आहे. त्यात काय सांगितले याइतकेच काय सांगायचे टाळले, हेही वाचले पाहिजे.

पत्रसंग्रहाचे स्वरूप

ओवेनची समग्र पत्रे १९६७ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केली. संपादक होते कवीचा धाकटा भाऊ हॅरल्ड ओवेन व जॉन बेल. संग्रहातील ६७३ पत्रांपैकी साडेपाचशेहून अधिक एकट्या आईला, म्हणजे सुझन ओवेन यांना उद्देशून आहेत. त्यांत केवळ युद्धातील पत्रे नाहीत. बालपणापासूनचा सारा जीवनक्रम आहे. आईची उत्तरे मात्र संग्रहात नाहीत. त्यामुळे आपल्या कानी पडतो तो संवादाचा एकच काठ. दुसऱ्या काठावरची काळजी, प्रश्न व आग्रह मुलाच्या उत्तरांवरूनच ओळखावे लागतात.

शिवाय हा मजकूर अक्षत नाही. प्रसिद्धीपूर्वी हॅरल्ड यांनी काही ओळींवर शाई फिरविली, काही भाग कापून टाकला. घराण्याच्या अब्रूची चिंता त्यामागे होती, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे आपल्यासमोरील पाठावर किमान तीन हात फिरले आहेत: लिहिणाऱ्याचा, जपणाऱ्या आईचा आणि छाटणाऱ्या भावाचा.

अधिकारी हाच सेन्सॉर

यात चौथा हात लष्कराचा. ब्रिटिश सैन्यात साध्या शिपायांची पत्रे त्यांच्याच तुकडीतील अधिकारी वाचून तपासत. अधिकाऱ्यांची स्वतःची पत्रे मात्र त्यांच्या सचोटीवर सोपविलेली असत. पिछाडीच्या तळावर ती क्वचित उघडली जात. १९१६ च्या जूनमध्ये मँचेस्टर रेजिमेंटमध्ये कमिशन मिळालेला ओवेन असा दोन्हीकडे उभा होता. दुसऱ्यांच्या बायका-आयांना लिहिलेले तो तपासत होता आणि स्वतःच्या आईला काय लिहावे हे स्वतःच ठरवीत होता.

त्यातूनही त्याने पळवाट काढली होती. पत्रात 'मिसलटो' हा शब्द आला की पुढील मजकुरातील ठरावीक अक्षरे जुळवून आईने आपला ठावठिकाणा ओळखावा, असा दोघांचा संकेत होता. अधिकारी म्हणून त्याने पाळावयाचा नियम मुलगा म्हणून त्याने मोडला. म्हणूनच या पत्रांत दोन थर आहेत, हे गृहीत धरूनच वाचन सुरू करावे लागते.

सांगणे आणि थांबणे

१६ जानेवारी १९१७ चे पत्र बहुतेकांच्या परिचयाचे आहे. दोन्ही सैन्यांच्या मधल्या निर्मनुष्य पट्ट्यातील पाण्याने भरलेल्या भुयारात ओवेन व त्याचे सैनिक सुमारे ५० तास अडकून पडले होते. बाहेरचा पहारेकरी स्फोटाने आंधळा झाला. पुढे 'द सेंट्री' या कवितेत हाच प्रसंग आला, म्हणून हे पत्र कवितेचे मूळ म्हणून दाखविले जाते. पण पत्राच्या आरंभीच तो आईला सांगतो की या चार दिवसांविषयी तिला फसविण्याचे काही कारण मला दिसत नाही. या कबुलीकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. आजवर काही झाकले जात होते, किंवा झाकणे हाच स्वाभाविक मार्ग होता, हे त्यातून सूचित होते. येथे सत्य हा नियम नसून अपवाद म्हणून आला आहे.

ऑक्टोबर १९१८ मधील पत्रे शेजारी ठेवली की हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. चढाईत ओवेनचा सेवक डोक्यात गोळी लागून त्याच्या अंगावर पडला. सिगफ्रिड ससून या कवीमित्राला (मुंबई-पुण्याला परिचित असलेल्या डेव्हिड ससून यांच्या पणतूला) लिहिताना तो हे स्पष्ट सांगतो: तो मुलगा अर्धा तास माझा खांदा रक्ताने भिजवीत पडून होता. आईच्या पत्रातही ते रक्त आहे. पण तेथे तो एवढेच म्हणतो की ज्या खांद्यावर अलीकडेच तुझे डोके होते त्याच खांद्यावर ते आहे. आणि आता त्याविषयी लिहू नये, म्हणून थांबतो. ससूनच्या पत्रात घटना आहे, आईच्या पत्रात घटनेचा स्पर्श आहे. माहिती म्हणून पहिले पत्र मोलाचे ठरेल. साहित्य म्हणून दुसरे अधिक खोल जाते, असे मला वाटते. ओवेनच्या मातृभक्तीला भावुकपणा म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी या थांबण्याचा विचार करावयास हवा.

याच चढाईबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. येथे दुसरा प्रश्न उभा राहतो. समग्र पत्रांत छापलेल्या मानपत्रानुसार त्याने शत्रूची मशीनगन काबीज केली व अनेकांना कैद केले. अधिकृत राजपत्रातील मजकुरानुसार मात्र त्याने ती मशीनगन चालवून शत्रूची मोठी हानी केली. हा फरक चरित्रकार डॉमिनिक हिबर्ड यांनी निदर्शनास आणला. ओवेननेही आईला, आपण पिस्तुलाने एकालाच मारले व बाकीच्यांना पकडले, असे कळविले होते. 'युद्धाची करुणा' गाणाऱ्या कवीने माणसे मारली, हे घराला आणि पुढे वाचकांनाही पचणारे नव्हते. ही मवाळ प्रतिमा आपण वर्गात तशीच पुढे नेतो. वास्तविक मारणारा आणि कळवळणारा माणूस एकच होता, हे मान्य केल्याने त्याची कविता लहान होत नाही. तिची किंमत कळते.

शेवटचे पत्र ३१ ऑक्टोबर १९१८ चे. वनरक्षकाच्या घराच्या तळघरात दाटीवाटीने बसलेले सैनिक, धूर, हास्यविनोद. येथे धोका नाही, असा दिलासा. ४ नोव्हेंबरला ओर्स गावाजवळील कालव्यावर तो मारला गेला. तार घरी पोहोचली ती ११ नोव्हेंबरला, युद्धसमाप्तीच्या दिवशी. त्या दिलाशाला खोटे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो लिहिताना आईपुरता खराच होता.

जपणारे हात

१९२० साली सुझन ओवेन यांनी रवींद्रनाथ ठाकूरांना पत्र लिहिले. अखेरचा निरोप घेताना मुलाने 'गीतांजली'तील ओळी म्हटल्या होत्या आणि त्याच्या परत आलेल्या टिपणवहीत त्या लिहिलेल्या होत्या, असे त्यांनी कळविले. पत्रे घेणारी आई येथे प्रथमच लिहिणारी म्हणून भेटते.

भारताचा संबंध एवढ्यावर संपत नाही. १९१४-१५ मध्ये फ्रान्सच्याच आघाडीवर भारतीय शिपाई लढत होते व घरी पत्रे लिहीत, अनेकदा दुसऱ्याकडून लिहवून घेत होते. त्यांचेही संकेत होते: भारतीय सैनिकांसाठी काळी मिरी, गोऱ्यांसाठी लाल मिरची. ही पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात ती मुख्यतः सेन्सॉर कचेरीने केलेल्या इंग्रजी उताऱ्यांतून. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ साली त्यांचा संग्रह संपादित केला. अधिकाऱ्याची पत्रे त्याच्या आईने जपली, शिपायांची सरकारने. अधिकाऱ्याची भाषा त्याचीच राहिली. शिपायांची भाषांतरात हरवली.

निष्कर्ष

सारांश, युद्धपत्र हा प्रसंगाचा निखळ दाखला नसून नात्याने आकारलेला मजकूर आहे. ते शिकविताना कोणी लिहिले यासोबत कोणासाठी लिहिले, कोणी तपासले, कोणी छाटले व कोणी जपले, हे चार प्रश्न विचारले पाहिजेत. ओवेनच्या बाबतीत ते विचारले की पत्रे कवितेच्या तळटीपेतून बाहेर येतात आणि स्वतंत्र वाचनाची मागणी करतात. शिपायांच्या बाबतीत विचारले की मूळ अक्षरांच्या जागी असलेली पोकळी दिसू लागते. ती पोकळीही अभ्यासक्रमात यावयास हवी.