दुसऱ्या आठवड्याचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात एका मंगळवारी सकाळी पुण्यातल्या एका मोठ्या मॉलमधल्या मल्टिप्लेक्सला मी मराठी चित्रपट पाहायला गेलो. चित्रपट लागून अकरा दिवस झाले होते. पहिल्या आठवड्यात तिथे त्याचे रोज चार खेळ होते. आता एकच उरला होता, तोही सकाळी सव्वादहाचा. मॉलमधली दुकाने उघडायची होती, सरकते जिने बंद होते. पार्किंगमधल्या लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर गेलो. दाराशी पिशवी तपासून झाली, पिशवीतला चिवडा काढून ठेवावा लागला. आत लांबलचक लॉबी, दोन्ही बाजूंना क्रमांक घातलेली दारे. मका लाह्यांचा वास मात्र इतक्या सकाळीही दरवळत होता.

आम्ही सात प्रेक्षक होतो. चित्रपट चांगला होता, काही प्रसंगांत फारच चांगला. दिवे लागल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाई बाहेर पडता पडता मला म्हणाल्या, "काका, माझ्या जावेनं सांगितलं म्हणून आले. आता शनिवारी सासूबाईंना घेऊन यायचं म्हणते." खाली उतरण्यापूर्वी त्यांनी तिकीटखिडकीवर चौकशी केली. खिडकीतला मुलगा सौजन्याने म्हणाला, "मॅडम, गुरुवारपर्यंतच आहे. शुक्रवारी नवीन पिक्चर लागतोय." बाईंनी नुसतीच मान हलवली. मी चित्रपटांविषयी लिहितो. या चित्रपटावरचे माझे टिपण रविवारी छापून यायचे होते, म्हणजे चित्रपट उतरल्यानंतर तीन दिवसांनी. त्या बाईंच्या सासूबाई आणि माझे वाचक एकाच अडचणीत सापडले होते.

मल्टिप्लेक्स आणि मराठी चित्रपट हा आपल्याकडे वर्षानुवर्षे चाललेला वाद आहे. त्यात दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. मराठी चित्रपटाला पडदे किती मिळाले आणि कोणत्या वेळा मिळाल्या? दोन्ही प्रश्न योग्यच आहेत. परंतु तिसरा प्रश्न, माझ्या मते अधिक महत्त्वाचा, फारसा कोणी विचारत नाही. चित्रपट तिथे किती दिवस टिकू दिला जातो? या लेखात त्या तिसऱ्या प्रश्नाचा विचार करायचा आहे.

एकेकाळी चित्रपटाचे यश आपण आठवड्यांत मोजत असू. पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सव, पन्नास झाले की सुवर्णमहोत्सव. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि पुण्याच्या 'विजयानंद'मध्ये १३१ आठवडे चालला. त्याने पैसा किती केला हे आज फारसे कोणाला सांगता येणार नाही, पण आठवड्यांचा आकडा जुन्या पुणेकरांना पाठ असतो. दादा कोंडके यांचा विक्रमही सलग रौप्यमहोत्सवांचाच. आठवडा या मापात एक गोष्ट गृहीत होती. पहिल्या दिवशी न आलेला माणूस पुढे कधीतरी येईल, त्याला वाट पाहण्याची मुभा आहे.

या मुभेला चित्रपटगृहाच्या पत्त्याची जोड होती. पुण्यात "मराठी पिक्चर कुठे लागलाय?" या प्रश्नाचे उत्तर कितीतरी वर्षे "प्रभातला" असे होते. सरदार किबे यांच्या मालकीचे हे चित्रपटगृह १९३४ मध्ये सुरू झाले आणि प्रभात फिल्म कंपनीशी जोडले गेले. २०१४ च्या अखेरीस करार संपल्यावर ते मूळ मालकांकडे परत गेले आणि प्रभात हे नाव उतरले. बारा, तीन, सहा, नऊ या खेळांच्या वेळा ठरलेल्या असत. वर्तमानपत्र न पाहताही माणूस सहाला जाऊन उभा राहू शकत असे.

तो काळ सुखाचा होता असे मात्र म्हणायचे नाही. १९७१ मध्ये दादरच्या 'कोहिनूर'मध्ये 'सोंगाड्या' लागायचा होता. तिथे ऐनवेळी देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'ला पसंती मिळाली आणि शिवसेनेने आंदोलन केल्यावरच मराठी चित्रपटाला पडदा मिळाला. म्हणजे पडद्यासाठीची भांडणे मल्टिप्लेक्सने आणलेली नाहीत. पुढे 'सोंगाड्या' मुक्काम ठोकून बसला. दार एकदा उघडले की आत राहण्याचा निकाल प्रेक्षक लावत असत, आणि त्यांना तो लावायला वेळ मिळत असे.

१९९७ मध्ये दिल्लीच्या साकेत भागात 'पीव्हीआर अनुपम' सुरू झाले आणि देशात मल्टिप्लेक्सचे युग आले. महाराष्ट्रात त्याला सरकारी धोरणाने हात दिला. २००१ च्या धोरणानुसार नव्या मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे करमणूक शुल्क पूर्ण माफ होते आणि पुढची दोन वर्षे पाव हिस्साच भरावा लागत होता. एरवी मुंबईसारख्या शहरात हे शुल्क पंचेचाळीस टक्क्यांपर्यंत जाई, हे लक्षात घेतले तर ही सवलत केवढी मोठी होती ते कळते. आजच्या शहरी चित्रपटगृहांच्या उभारणीत सरकारी तिजोरीचा, म्हणजे पर्यायाने प्रेक्षकांचाही, वाटा आहे. त्यांच्याकडून काही मागणे याचना ठरत नाही ते यामुळे.

मल्टिप्लेक्सने मराठी चित्रपटाला काही दिले हेही मान्य केले पाहिजे. आठशे-नऊशे खुर्च्यांच्या टॉकीजमध्ये 'कोर्ट' किंवा 'किल्ला' यांसारखे चित्रपट ओस पडले असते. दीडशे-दोनशे खुर्च्यांच्या दालनात शंभर प्रेक्षक आले तरी खेळ भरल्यासारखा वाटतो. अनेक पडदे असल्यामुळे एका चित्रपटाला जागा देताना दुसऱ्याला बाहेर काढावे लागत नाही, निदान तत्त्वतः. स्वच्छ स्वच्छतागृहे आणि सुरक्षित वाटणारा परिसर यांमुळे बायका एकट्या किंवा मैत्रिणींबरोबर चित्रपटाला येऊ लागल्या. माझ्या मागच्या रांगेतल्या बाई मंगळवारी सकाळी एकट्या आल्या होत्या, त्यालाही हेच कारण असावे.

मग इतके पडदे असूनही दुसरा आठवडा का मिळत नाही? मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण तंत्राचे. फिल्मच्या रिळांच्या काळात एकेक प्रिंट महाग असे. निर्माता मोजक्या प्रिंट काढी. पुणे-मुंबईत चित्रपट चालला की त्याच प्रिंट कोल्हापूर, सोलापूर, सांगलीकडे जात. चित्रपट हळूहळू गावोगाव पोचे आणि त्याची कीर्ती त्याच्या आधी पोचलेली असे. डिजिटल प्रक्षेपणात एकाच शुक्रवारी शेकडो पडद्यांवर चित्रपट लावता येतो. लावता येतो म्हटल्यावर लावलाच जातो, आणि सगळ्यांचे लक्ष पहिल्या तीन दिवसांवर येऊन ठेपते. रविवारी रात्री गल्ल्याचे आकडे हाती येतात, सोमवार-मंगळवारी पुढच्या शुक्रवारचे वेळापत्रक आखले जाऊ लागते. ज्या चित्रपटाकडे जाहिरातीला पैसा नाही, त्याची पहिली जाहिरात म्हणजे पहिल्या शनिवार-रविवारी तो पाहून आलेली माणसे. त्यांचे शब्द घराघरात पोचेपर्यंत निर्णय झालेला असतो.

दुसरे कारण हिशेबाचे. २००९ च्या एप्रिल-मेमध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात उत्पन्नाच्या वाटणीवरून भांडण झाले आणि सुमारे दोन महिने नवे मोठे हिंदी चित्रपट लागलेच नाहीत. त्यानंतर झालेल्या तडजोडीत वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यापुढे ३० टक्के ठरला. या सूत्राप्रमाणे चित्रपट जितका जुना, तितका चित्रपटगृहाचा वाटा मोठा. मग चांगला चित्रपट टिकवण्यात त्यांचेच हित नाही का? कागदावर आहे. पण मोठ्या मल्टिप्लेक्स कंपन्यांचे वार्षिक अहवाल पाहिले तर एकूण उत्पन्नातला सुमारे तीस टक्के भाग खाद्यपेयांतून येतो असे दिसते, आणि त्यात वितरकाला वाटा द्यावा लागत नाही. चित्रपटगृहांना बाहेरचे खाणे रोखण्याचा अधिकार आहे असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, पिण्याचे पाणी मात्र विनामूल्य द्यायला सांगितले. माझा चिवडा दाराशी राहिला तो या हिशेबामुळे. सात माणसांच्या खेळात तिकिटातला वाटा वाढून उपयोग नाही. लॉबीत गर्दी हवी, आणि ती नव्या चित्रपटाला जास्त होईल अशी आशा असते.

तिसरे कारण वेळापत्रकाचे, आणि ते मला सर्वांत गंभीर वाटते. दुसऱ्या आठवड्यात चित्रपट काढून टाकत नाहीत, त्याची जागा बदलतात. संध्याकाळचा खेळ सकाळी जातो, एका दिवशी सव्वादहाला असतो तर दुसऱ्या दिवशी पावणेतीनला. नोकरदार माणूस येऊ शकत नाही, खुर्च्या रिकाम्या राहतात, आणि रिकाम्या खुर्च्यांचा तो आकडा चित्रपट उतरवण्याचे कारण म्हणून पुढे केला जातो. प्रेक्षकांनी पाठ फिरवली असे म्हणण्यापूर्वी त्यांना येता येईल अशा वेळी दार उघडे होते का, हे पाहायला हवे.

आपले कायदे आणि आंदोलने या तिसऱ्या प्रश्नाला कधी भिडली नाहीत. राज्यातल्या चित्रपटगृहांवर वर्षातून चार आठवडे मराठी चित्रपट दाखवण्याची अट आहे. या अटीत खेळांची बेरीज मोजली जाते. एका चित्रपटाला सलग किती दिवस मिळाले याचा हिशेब त्या बेरजेत दिसत नाही. दहा चित्रपटांना चार-चार दिवस देऊनही बेरीज पूर्ण होते आणि दहाही चित्रपट अकाली जातात. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्समध्ये प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवणे सक्तीचे करण्याची घोषणा केली. त्यावर शोभा डे यांनी पॉपकॉर्नऐवजी आता दही मिसळ आणि वडापाव, अशी टवाळी केली आणि सारा वाद अस्मितेच्या वळणावर गेला. त्यांच्याविरुद्ध विधानसभेत हक्कभंगाचा प्रस्ताव आला, घराबाहेर निदर्शने झाली. त्या गदारोळात प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ असा खुलासा झाला आणि मूळ घोषणेतली धार गेली. चित्रपटाला किती दिवस मिळणार, हा मुद्दा कोणाच्याच भाषणात नव्हता. त्याच महिन्यात 'कोर्ट' प्रदर्शित झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला आधीच जाहीर झाला होता. अशा चित्रपटाला तरी सावकाश प्रेक्षक मिळवायला सवड असावी, एवढे म्हणायचीही कोणाला आठवण झाली नाही.

वेळ मिळाला तर काय होते याचे उदाहरण फार जुने नाही. केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' ३० जून २०२३ रोजी लागला. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही कथा. त्याची दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्या आठवड्यापेक्षा जास्त झाली. सिनेमाच्या आजच्या व्यवहारात हे क्वचितच घडते. बायका नऊवारी नेसून, गट करून, बस ठरवून आल्या. गट जमवायला, सुट्टीचा दिवस ठरवायला, सासूला तयार करायला आठवडा लागतो. पहिल्या रविवारच्या आकड्यांवर या चित्रपटाचा निकाल लावला असता तर हे गट चित्रपटगृहापर्यंत पोचलेच नसते. या चित्रपटाविषयी समीक्षक म्हणून माझे मत फार अनुकूल नाही. त्यातला भावनांचा गडदपणा मला खटकतो. तरीही त्याच्या प्रेक्षकांनी सिद्ध केलेली गोष्ट नाकारता येत नाही. मराठी प्रेक्षक उशिरा येतो, पण येतो.

यावर कोणी म्हणेल, 'बाईपण'ला वेळ मिळाला कारण तो चालत होता. खरे आहे. पहिल्याच आठवड्यात त्याने पुरेशी चुणूक दाखवली होती. माझा मुद्दा त्याच्या अलीकडच्या चित्रपटांचा आहे, ज्यांची चुणूक दिसायला दहा दिवस लागतात. त्यातले काही मुळातच टिकणारे नसतील. पण कोणते टिकले असते हे समजण्याची सोय आज आपल्याकडे नाही.

म्हणून मागणी बदलायला हवी असे मला वाटते. प्रत्येक मराठी चित्रपटाला सर्व मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळचे खेळ द्या, ही मागणी व्यवहारात टिकणार नाही आणि सगळ्याच चित्रपटांची ती लायकीही नसते. त्याऐवजी एका शहरात निदान एका मल्टिप्लेक्समधले एक लहान दालन ठरवून द्यावे. तिथे लागलेला मराठी चित्रपट सलग दोन आठवडे, रोज एकाच ठरलेल्या वेळी, दिवसभराचे काम आटोपून माणूस पोचू शकेल अशा वेळी चालावा. निर्मात्यांच्या संघटनांनी पडद्यांची संख्या कमी मागावी आणि दिवसांची हमी घ्यावी. दोन आठवड्यांत प्रेक्षक आले नाहीत तर चित्रपट खुशाल उतरवावा. मग त्या निर्णयाला प्रेक्षकांचा निर्णय म्हणता येईल. आम्हा लिहिणाऱ्यांनाही त्यामुळे जबाबदारी येईल. चित्रपट अजून पाहता येतो आहे हे माहीत असताना लिहिलेले परीक्षण आणि तो उतरल्यावर लिहिलेला मृत्युलेख, यांत फरक असतो.

त्या शुक्रवारी मी मुद्दाम ॲपवर पाहिले. त्या मल्टिप्लेक्समध्ये सव्वादहाच्या खेळाला एक हिंदी चित्रपट लागला होता. सभागृहाचा नकाशा उघडला तर जवळजवळ सगळ्या खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. त्या चित्रपटाचा तो पहिला दिवस होता, त्यामुळे त्या रिकाम्या खुर्च्यांवरून कोणी लगेच निष्कर्ष काढणार नव्हते. एवढीच सवड आदल्या मंगळवारच्या सात जणांना मिळायला हवी होती. शनिवारी त्यांत दोघींची तरी भर पडली असती.