खोटीं ग्रीक नाणीं व हिल यांचा ‘बेकर’-ग्रंथ

जॉर्ज फ्रान्सिस हिल यांचा ‘बेकर द काउंटरफीटर’ हा ग्रंथ लंडन येथें दोन भागांत १९२४ व १९२५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास शंभर वर्षें होऊन गेलीं. तरी खोट्या ग्रीक नाण्यांच्या परीक्षेचा प्रश्न निघाला कीं आजही प्रथम त्याच्याकडेच बोट दाखविलें जातें. ग्रंथ या मानास सर्वथा पात्र आहे. परंतु आपल्यापैकीं पुष्कळ संग्राहक ज्या रीतीनें त्याचा उपयोग करतात, ती रीत सदोष आहे असें माझें मत झालें आहे. कोशांत शब्द पाहावा तसें ते त्यांतील चित्रांत आपलें नाणें शोधतात, आणि तें तेथें न आढळल्यास अस्सल मानून मोकळे होतात. यासाठीं ग्रंथानें काय सिद्ध केलें व काय केलें नाहीं, हें स्पष्ट होणें अवश्य आहे.

कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२-१८३०) हा जर्मनींतील विद्वान् व दरबारीं मान्यता पावलेला गृहस्थ. ग्रीक, रोमन व मध्ययुगीन मिळून तीनशेंहून अधिक प्रकारचीं नाणीं त्यानें पाडलीं, आणि परीक्षकांच्या नेहमींच्या कसोट्या एकेक करून निकामी केल्या. पहिली कसोटी ओतकामाची. सांच्यांत ओतलेल्या नाण्याच्या पृष्ठावर बुडबुड्यांचे बारीक खळगे राहतात, अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणाच्या वडीप्रमाणें बोथट होतात, आणि कांठावर सांध्याची रेषा अथवा ती कानशीनें घासून काढल्याच्या खुणा दिसतात. बेकरचीं नाणीं ओतीव नव्हतींच. स्वहस्तें ठसे कोरून त्यानें तीं ठोकलीं. दुसरी कसोटी धातूची. त्यासाठीं तो पुष्कळदां झिजलेलीं, स्वस्त मिळणारीं प्राचीन नाणींच चकत्या म्हणून घेई. म्हणजे चांदी जुनी, खोटा तो केवळ ठसा. तिसरी कसोटी झिजेची. लोखंडाचा कीस व चरबी भरलेल्या पेटींत नवीं नाणीं घालावीं, पेटी गाडीस बांधावी व गाडी रस्त्यानें हिंडवावी, ही त्याची युक्ति प्रसिद्धच आहे. तीन साक्षीदार याप्रमाणें फितूर झाल्यावर उरला तो एक ठसाच.

हिल यांचें खरें कार्य येथें आहे. कोरणाऱ्याचा हात लेखकाच्या हस्ताक्षरासारखा असतो. शके १४०० ची व शके १६०० ची म्हणून दाखविलेल्या दोन पोथ्या एकाच वळणाच्या निघाल्या, तर आपण काय म्हणूं? त्याचप्रमाणें दूरदूरच्या दोन नगरांच्या व दोन शतकांच्या नाण्यांवर केसांची वळणें, डोळ्याची ठेवण व अक्षरांचे फांटे एकाच हाताचे दिसले, तर तो हात प्राचीन नव्हे. बेकरचे मूळ ठसे बर्लिन येथील नाणेसंग्रहांत असल्यामुळें ही तुलना प्रत्यक्ष करतां येते. अथेन्सच्या ख्रिस्तोदूलोस नामक बनावटकाराविषयीं स्वोरोनोस यांनीं १९२२ सालीं असेंच काम केलें.

परंतु अशा ग्रंथांची मर्यादा त्यांच्या स्वरूपांतच आहे. सांपडलेल्या चोरांची ती यादी आहे. न सांपडलेल्यांविषयीं ती मूक राहते. शिवाय बेकर स्वतः कोरी, म्हणूनच त्याचा हात ओळखतां आला. आजचा बनावटकार बहुधा कोरीतच नाहीं. अस्सल नाण्यावरून सांचा घेऊन तो ओततो, किंवा विजेच्या ठिणग्यांच्या साह्यानें त्याच नाण्याचा ठसा पोलादावर उठवून नवीं नाणीं ठोकतो. असें नाणें एखाद्या प्रख्यात संग्रहांतील अस्सल नाण्याशीं जुळतें, आणि भोळा संग्राहक तें जुळणें हाच अस्सलपणाचा पुरावा समजतो. हिल यांची पद्धति येथें अपुरी पडते. किंबहुना अर्धवट वापरल्यास ती खोट्याच्याच बाजूनें साक्ष देते.

या ठिकाणीं पोथ्यांच्या अभ्यासकांस एक ओळखीची वाट उपयोगीं पडेल. पाठचिकित्सेंत समान शुद्ध पाठांवरून दोन प्रतींचें निकटचें नातें सिद्ध होत नाहीं. तें समान अपपाठांवरून होतें. एका पोथीचें पान जेथें कसरीनें खाल्लें, नेमकीं तेथलींच अक्षरें दुसऱ्या पोथीच्या धड पानावर गळलेलीं असतील, तर दुसरी ही पहिलीच्या वंशांतली हें उघड आहे. नाण्यांसही हाच न्याय लावावा. एकाच अस्सल ठशानें पाडलेल्या दोन नाण्यांत आकृति एक असते, ठशास गेलेली चीरही दोहोंत उतरते. परंतु चकतीचा आकार, ठशाचें मध्यापासून सरकणें, कांठाच्या भेगा, झीज व मागाहून पडलेले ओरखडे हीं ज्याचीं त्याचीं असतात. हे आगंतुक दोष दोन नाण्यांत त्याच जागीं व त्याच आकाराचे सांपडले, तर एक दुसऱ्याचें, अथवा दोन्हीं एखाद्या तिसऱ्याचीं अपत्यें होत.

या नियमाचें मोल मला स्वतःच्या चुकीनें कळलें. एका स्नेह्यांनीं अलेक्झांडरचें चार द्राक्मांचें रौप्य नाणें मला दाखविलें. पुढील बाजूस सिंहचर्म पांघरलेला हेराक्लीज, मागील बाजूस आसनस्थ झ्यूस. राजाचें नांव ग्रीक षष्ठींत बिनचूक. वजन सुमारें १७ ग्रॅम. व्याकरणावर पोसलेल्या मनास तेवढें पुरलें, आणि नाणें अस्सल आहे असें मीं लिहून दिलें. दोन वर्षांनीं दुसऱ्या गांवीं, दुसऱ्या संग्रहांत तेंच नाणें पाहिलें! झ्यूसच्या गुडघ्याखालीं तोच तिरपा ओरखडा, कांठास तीच खांच. स्नेह्यांस कळविणें भाग होतें. त्यांनीं रागाचा एक शब्द काढला नाहीं. मीं लिहून दिलेला कागद तेवढा परत पाठविला.

लेखाची शुद्धता ही कसोटीच नव्हे, हें मला आपल्या प्रांतांतील पुराव्यावरूनही कळावयास हवें होतें. नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें १९०६ सालीं तेरा हजारांहून अधिक रौप्य नाणीं सांपडलीं. त्यांतील नहपानाच्या नाण्यांवरचीं ग्रीक अक्षरें जागोजाग अपभ्रष्ट आहेत, तरी नाणीं निःसंशय अस्सल. उलट यांत्रिक नकलेंत मूळचा शुद्ध लेख शुद्धच उतरतो.

तसेंच, प्राचीन खोटें नाणें व आधुनिक खोटें नाणें यांची गल्लत होऊं देऊं नये. ख्रि. पू. ३७५-७४ मध्यें निकोफोन याच्या प्रस्तावानें अथेन्स येथें झालेल्या कायद्याचा शिलालेख १९७० सालीं तेथील अगोरांत मिळाला. त्याअन्वयें नगराचा एक गुलाम परीक्षक म्हणून बाजारांत बसे. आंत तांबें अथवा शिसें निघालेलें नाणें तो तत्काळ कापी, व तें देवमातेस अर्पण होई. परीक्षकानें कामांत कसूर केल्यास त्यास पन्नास फटक्यांची शिक्षा सांगितली आहे. कौटिल्याचा रूपदर्शक याच वर्गांतला अधिकारी. म्हणून तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा असलेलें किंवा छिन्नीचा घाव बसलेलें नाणें पाहून तें आधुनिक बनावट म्हणून टाकूं नये; तो त्या बाजाराचाच अवशेष असूं शकतो.

सारांश, हिल यांचा ग्रंथ संग्रहीं असावा, पण त्याच्या चित्रांत नाणें न मिळणें हा निर्णय समजूं नये. नवें नाणें प्रसिद्ध करतांना त्याच्या दोन्हीं बाजूंचीं व कांठाचीं छायाचित्रें, वजन, व्यास, दोन बाजूंचा परस्पर कोन आणि तें कोणाकडून, केव्हां आलें याची हकीकत द्यावी. एवढें झाल्यावांचून त्याच्या आधारें कोणत्याही राजाचा काल वा राज्यविस्तार ठरवूं नये. खोटें नाणें विकत घेणाऱ्याचे पैसे बुडतात, तें दुःख एकट्याचें. परंतु तेंच नाणें निबंधांत शिरलें म्हणजे पुढील अभ्यासक त्यावर इमारत रचतात, आणि ती पाडावयास पिढ्या लागतात. अथेन्सच्या परीक्षकास चुकीबद्दल पन्नास फटके होते. आपणांस ते नाहींत, म्हणून आपण अधिक सावध असावें.