काव्यपुरुषाचे लग्न वाशिमला

राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ हा मुळात कवींच्या शिकवणीचा ग्रंथ. दुसऱ्याची कल्पना कुठवर उचलली तर चालते, कवीने दिवसाचे प्रहर कसे वाटून घ्यावेत, कोणत्या देशातली माणसे कविता कशी म्हणतात, असल्या कामाच्या गोष्टी त्यात आहेत. नवव्या-दहाव्या शतकाच्या सांध्यावर, कनौजच्या प्रतिहार राजांच्या पदरी राहून हा पंडित लिहीत होता. आणि तिसऱ्याच अध्यायात तो शिकवणी बाजूला ठेवून गोष्ट सांगायला लागतो. ती गोष्ट संपते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, म्हणजे आजच्या वाशिमात.

सरस्वतीला मुलगा होतो, त्याचे नाव काव्यपुरुष. जन्मल्याबरोबर तो छंदात बोलतो. आई कौतुकाने त्याचे वर्णन करते: शब्द आणि अर्थ हे त्याचे शरीर, संस्कृत हे तोंड, प्राकृत हे बाहू, अपभ्रंश हे जघन, पैशाची हे पाय, रस हा आत्मा. पुढे एकदा ब्रह्मदेवाच्या सभेत वाद पडतो आणि निवाडा करायला सरस्वतीला बोलावणे येते. मुलगा मागे लागतो, आई नको म्हणते, आणि तो रुसून घर सोडतो. त्याचा सवंगडी कार्तिकेय रडायला लागतो. कार्तिकेयाची आई गौरी विचार करते, की पोराला बांधून ठेवायचे तर प्रेमाखेरीज दुसरा दोर नाही. मग ती साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते आणि तिला त्याच्या मागे धाडते.

इथून खरी मजा सुरू होते. रुसलेला नवरा पुढे आणि त्याला वळवणारी नवरी मागे, अशी ही वरात देशभर फिरते. आधी पूर्व, मग पांचाल, मग अवंती, शेवटी दक्षिण. साहित्यविद्या जिथे जाईल तिथला वेष करते, नाचते, गाते. आणि काव्यपुरुष तिच्याशी ज्या भाषेत बोलतो तीच त्या देशाची रीती, म्हणजे काव्यशैली, ठरते. पूर्वेला तो अजून घुश्शात आहे, म्हणून त्याचे बोलणे लांबलचक समासांनी आणि अनुप्रासांनी भरलेले: ही गौडी. पांचालात थोडा विरघळतो, समासही थोडे सुटतात: ही पांचाली. दक्षिणेत तो पुरता तिचा होतो, समास गळून पडतात आणि अनुप्रास हवा तेवढाच, हवा तिथे येतो: ही वैदर्भी.

रीतींची चर्चा राजशेखराच्या आधी दंडीने केली, वामनाने केली. पण त्यांच्याकडे ती गुणदोषांच्या मोजमापाची चर्चा आहे. राजशेखराने तिच्यात रुसवा घातला. समास हा इथे व्याकरणाचा मामला उरत नाही, तो मनाचा ताठा होतो. माणूस रागावलेला असला की जड बोलतो, मन मोकळे झाले की साधे बोलतो, हे घरोघरचे निरीक्षण त्याने काव्यशास्त्रात आणून बसवले आणि त्याचा कुठे गवगवा केला नाही. वाचताना वधूच्या वेषांकडेच लक्ष जाते. अवंतीबद्दल तर तो मिश्कीलपणे सांगतो, की तिथले पुरुष पांचालांसारखा पोशाख करतात आणि बायका दक्षिणेसारखा. सरहद्दीवरच्या मुलखात राहिलेल्या कुणालाही हे पटावे.

आता प्रश्न लग्नाच्या जागेचा. हा माणूस कनौजचा आश्रित. पांचाल म्हणजे त्याच्या धन्याचा मुलूख, आणि तिथल्या कवींच्या काव्यपठणाची त्याने याच ग्रंथात तोंड भरून स्तुती केली आहे. लग्न कनौजला लावले असते तर राजाही खूश झाला असता. पण पांचालात तो नवऱ्याला अर्धाच वश करतो. दक्षिणेचा वेष म्हणून तो वर्णन करतो केरळच्या स्त्रियांचा, तरी लग्न केरळातही लावत नाही. कामदेवाचे क्रीडास्थान म्हणून तो वत्सगुल्माची ओळख करून देतो आणि तिथे दोघांचा गांधर्व विवाह लावतो. त्याचे घराणे महाराष्ट्रातले होते, पणजोबा अकालजलद महाराष्ट्राचा चूडामणी म्हणून ओळखला जाई. तेव्हा माहेरची ओढ असेल, असे कुणी म्हणेल. मला ते कारण अपुरे वाटते. ‘कर्पूरमंजरी’ या त्याच्या प्राकृत नाटकाच्या आरंभी वैदर्भी रीतीला त्याने जे नाव दिले आहे, तेच मुळी वत्सगुल्मावरून पडलेले आहे. म्हणजे या शहराला वाङ्मयात आधीच मान होता. राजशेखराने तो फक्त गोष्टीत ओवला.

आणि हे शहर राजधानी होते त्याला तोवर चार शतके उलटून गेली होती. वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याचा मुलगा सर्वसेन याने चौथ्या शतकात इथे वेगळी शाखा स्थापली. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्यातली काही सर्वात देखणी लेणी झाली. त्यानंतर राज्य गेले. राहिले ते सर्वसेनाच्या काव्याचे नाव. ‘हरिविजय’ हे त्याचे प्राकृत महाकाव्य, सत्यभामेसाठी कृष्णाने स्वर्गातला पारिजात आणल्याचे. रसाला अनुसरून मूळ कथेत फेरफार करावा, हे सांगताना काश्मीरचा आनंदवर्धन उदाहरण देतो ते कालिदासाच्या रचनांचे, आणि त्यांच्या पाठोपाठ ‘हरिविजया’चे. काव्यशास्त्रकार कुंतकाने सुकुमार मार्गाचे, म्हणजे सहज-कोमल शैलीचे, कवी सांगताना कालिदासाशेजारी सर्वसेनाला बसवले. आज ते महाकाव्य सलग मिळत नाही. अलंकारशास्त्राच्या ग्रंथांत उदाहरणादाखल आलेल्या सुट्या गाथा तेवढ्या उरल्या आहेत. मूळ दागिना मोडला, पण सोनारांनी नमुन्याला नेलेले मणी जपले.

वाशिमचे जुने वैभव असे शब्दांत उरले; ते दगडात उरले तर काय होते, हे इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या रिमिनी शहरात दिसते. तिथे ख्रिस्तपूर्व २७ मधली ऑगस्टसची कमान अजून उभी आहे. पंधराव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या सिजिस्मोंदो मालातेस्ताने एका जुन्या चर्चला नवे दर्शनी अंग चढवायला घेतले, तेव्हा आल्बेर्ती या वास्तुकाराने तीच कमान नजरेसमोर ठेवून आराखडा केला. प्राचीन वैभव दगडात शिल्लक असले की त्याचे पुनरुज्जीवन असे दगडातच होते. वाशिमलाही दुसरा बहर आला, तो अठराव्या शतकात. नागपूरकर भोसल्यांच्या पदरच्या भवानी काळूने बालाजीचे मंदिर आणि मोठे तळे बांधले. मूर्ती जमिनीत लपवून ठेवलेल्या होत्या त्या सापडल्या, असे सांगतात. पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यातल्या १७६९ च्या कनकापूरच्या तहात वाशिमच्या कापडाचा उल्लेख आहे, इतके हे गाव तेव्हा चलतीत होते. पण भवानी काळूसमोर वाकाटकांची एखादी कमान नव्हती. त्यांचे घडीव काम तिकडे अजिंठ्याच्या कड्यात, आणि त्यांचे शहर पोथ्यांत. पुढे इंग्रजी अमलात वाशिम जिल्हा झाला, १९०५ मध्ये मुख्यतः अकोल्यात विरला, १९९८ मध्ये पुन्हा जिल्हा झाला. हा चढउतार सरकारी कागदातला.

पोथीतल्या शहराला जमिनीतून पुरावा मिळाला १९३९ मध्ये. वाशिमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला. य. खु. देशपांडे आणि महाजन यांनी तो पुढे आणला, पुढे वा. वि. मिराशींनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. विंध्यशक्ती हा सर्वसेनाचा मुलगा. सदतिसाव्या राज्यवर्षी, हेमंताच्या पहिल्या पंधरवड्याच्या चौथ्या दिवशी, वत्सगुल्माहून हे दान दिले गेले: नांदेडकडचे एक गाव, काही अथर्ववेदी ब्राह्मणांना.

ताम्रपट हा रसग्रहणाचा विषय नव्हे, असे वाटेल. पण हा वाचून पाहावा. राजाच्या पूर्वजांची नावे आणि बिरुदे संस्कृतात येतात. वंशावळ संपून व्यवहार सुरू झाला, की मजकूर प्राकृतात उतरतो. संस्कृत तोंड आणि प्राकृत बाहू, हे सरस्वतीने केलेले मुलाचे वर्णन इथे शब्दशः लागू पडते. राजशेखराने हा पत्रा पाहिला होता असे मानायला काहीच आधार नाही. तरीही मिरवायची भाषा एक आणि राबायची दुसरी, ही वाटणी वत्सगुल्माच्या कचेरीत त्याच्या पाचशे वर्षे आधी रुजलेली होती. आणि तिथल्या राजाने महाकाव्य लिहायला जी निवडली, ती राबायचीच भाषा.

त्या प्राकृत भागातली सवलतींची यादी मला फार आवडते. या गावातून फुले आणि दूध घ्यायचे नाही. पाळीपाळीने बैल मागायचे नाहीत. कातडी आणि कोळसा न्यायचा नाही. मिठाच्या खाणीवर हक्क सांगायचा नाही. शिपायांनी गावात शिरायचे नाही. मुक्कामाला आलेल्या अंमलदारासाठी खाटा आणि रांधायची भांडी मागायची नाहीत. वाक्य नकारांचे आहे. पण प्रत्येक नकार उलटा करून वाचला, की शेजारच्या बिनसवलतीच्या गावाची सकाळ दिसते: दूध गेले, बैल गेला, खाट गेली. ‘हरिविजया’तल्या कृष्णाने बायकोसाठी झाड उपटून आणले, त्याच कवीच्या मुलाच्या राज्यात कुणब्याच्या घरची खाट साहेबासाठी उचलली जात होती. वत्सगुल्माचे हे दुसरे अंग कुठल्याही अलंकारशास्त्रात आलेले नाही.

आणखी एक काम या ताम्रपटाने केले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या भिंतीवर हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा पद्यमय लेख आहे. त्यात वाकाटकांची वंशावळ आहे, पण अक्षरे झिजलेली. प्रवरसेनाच्या मुलाचे नाव, हा लेख आधी वाचणाऱ्या ब्यूलर या पंडिताने रुद्रसेन असे लावले होते, कारण वाकाटकांची दुसरी शाखा म्हणून कुणाला ठाऊकच नव्हती. वाशिमचा पत्रा हातात आल्यावर मिराशींनी ती पुसट अक्षरे पुन्हा तपासली आणि तिथे सर्वसेन वाचला. आनंदवर्धनाच्या ग्रंथात नुसते नाव होऊन राहिलेल्या कवीला अशा रीतीने बाप, मुलगा आणि राजधानी मिळाली.