कनिष्ठ महाविद्यालयीन अध्यापकाची घडण : पात्रता आणि पूर्वतयारी

प्रस्तावना

कोठारी आयोगाने (१९६४-६६) पुरस्कारिलेला १०+२+३ हा आकृतिबंध महाराष्ट्राने १९७० च्या दशकात स्वीकारला. अकरावी-बारावीचे वर्ग कोठे माध्यमिक शाळांना, तर कोठे वरिष्ठ महाविद्यालयांना जोडले गेले. मात्र या वर्गांना शिकविणारा अध्यापक कसा घडावा, याचा स्वतंत्र विचार फारसा झाला नाही. प्रस्तुत लेखात या उणिवेची चिकित्सा करावयाची आहे.

पात्रतेमागील गृहीतक

या पदासाठी संबंधित विषयातील पदव्युत्तर पदवी किमान ५० टक्के गुणांसह आणि बी.एड. अशी दुहेरी पात्रता अपेक्षित असते. पहिल्या पदवीने विषयज्ञान मिळते, दुसरीने अध्यापनकौशल्य येते आणि दोहोंच्या बेरजेतून अध्यापक तयार होतो, असे यामागील गृहीतक आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये नेमक्या याच विभागणीवर आक्षेप घेतला. विषय विद्यार्थ्याला आकळेल अशा रूपात मांडण्याचे ज्ञान हे या दोहोंहून वेगळे असते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

आपल्याकडे हे तिसरे ज्ञान कोठे मिळते? बी.एड.चे सराव पाठ बहुधा पाचवी ते नववीच्या वर्गांवर होतात. मानसशास्त्र वा तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालेल्या छात्राध्यापकाला अनेकदा इतिहास किंवा मराठी यांसारख्या शालेय विषयाची अध्यापन पद्धती निवडावी लागते. पुढे जो विषय आयुष्यभर शिकवायचा, त्याचा एकही सराव पाठ न घेता तो नियमानुसार पात्र ठरतो.

वर्गातील दोन कसोट्या

गणितातील ‘सीमा’ ही संकल्पना पाहू. (क्ष² − ४) ÷ (क्ष − २) या फलाची क्ष = २ येथे किंमत काढता येत नाही, तरीही तेथे त्याची सीमा ४ आहे. शून्याने भागायचे नाही, हे शाळेपासून ऐकलेला विद्यार्थी येथे अडतो. एम.एस्सी.च्या वर्गात हा प्रश्न प्राथमिक म्हणून मागे पडलेला असतो; बी.एड.मध्ये तो शालेय अभ्यासक्रमापलीकडचा म्हणून आलेलाच नसतो.

दुसरी कसोटी भाषेची. मराठी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी विज्ञान शाखेत येताच ‘त्वरण’, ‘संवेग’, ‘जडत्व’ यांऐवजी ‘ॲक्सिलरेशन’, ‘मोमेंटम’, ‘इनर्शिया’ ऐकू लागतो. संकल्पना त्याला ठाऊक असते, केवळ नाव बदललेले असते. हा दुवा सांधण्यास काही मिनिटे पुरतात. परंतु अध्यापकाची तशी तयारी नसेल तर विद्यार्थ्यावर ‘कच्चा’ असा शिक्का बसतो.

अध्यापक शिकविता शिकविताच घडतो, असे यावर म्हटले जाईल. ते खरेही आहे. तथापि त्या घडणीची किंमत सुरुवातीच्या तुकड्या मोजतात आणि त्यांच्या वाट्याला बारावीचे वर्ष बहुधा एकदाच येते.

सेवाकाळातील पोकळी

वरिष्ठ महाविद्यालयातील प्राध्यापकासाठी उद्बोधन व उजळणी वर्गांची रूढ व्यवस्था आहे. कनिष्ठ महाविद्यालयीन अध्यापकाला सेवांतर्गत प्रशिक्षण मिळते, परंतु त्यातील महत्त्वाचे टप्पे १२ वर्षांनंतरच्या वरिष्ठ श्रेणीशी आणि २४ वर्षांनंतरच्या निवड श्रेणीशी बांधलेले आहेत. प्रारंभीची तीन वर्षे तो ‘शिक्षण सेवक’ असतो. २०२३ मध्ये त्याचे मासिक मानधन ९,००० वरून २०,००० रुपये झाले, ही बाब स्वागतार्हच आहे. पण हा काळ मार्गदर्शित उमेदवारीचा व्हावा, अशी रचना मात्र आढळत नाही. तो अल्प मानधनावरील सेवेचा काळ ठरतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने नववी ते बारावी हा एकसंध टप्पा मानला, शिक्षक पात्रता परीक्षा शालेय शिक्षणाच्या सर्व टप्प्यांपर्यंत नेण्याचे सुचविले आणि पदव्युत्तर पदवीधारकांसाठी एक वर्षाच्या बी.एड.ची तरतूद केली. परीक्षा वाढवून आणि प्रशिक्षणाचा कालावधी घटवून वरील तिसरे ज्ञान मिळेल, असे मानण्यास आधार दिसत नाही. त्या एका वर्षात छात्राध्यापक अकरावी-बारावीच्या वर्गात, स्वतःच्याच विषयाचे पाठ घेणार असेल, तरच या तरतुदीस अर्थ आहे.

निष्कर्ष

शिक्षण सेवकाची तीन वर्षे ही या घडणीची उपलब्ध, परंतु वाया जाणारी संधी आहे. या काळात तासिकांचा भार काहीसा कमी ठेवणे, अनुभवी अध्यापकाच्या तासांचे निरीक्षण करू देणे आणि विद्यार्थी नेमके कोठे अडतात याची विषयवार नोंद विभागात जतन करणे, एवढे तरी शक्य आहे. यांपैकी शेवटच्या दोन गोष्टींसाठी शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्या संस्थांत कनिष्ठ व वरिष्ठ विभाग एकाच इमारतीत नांदतात, तेथे वरिष्ठ प्राध्यापकांनाही यात स्वार्थ आहे. कारण बारावीत जे आकळले नाही, ते प्रथम वर्षाच्या वर्गात त्यांच्याच समोर येऊन बसते.